हवा हवी, हवा नको

पहाटे तीनला भट्टी पेटवतो आम्ही, मी आणि माझी नणंद बोनारिया.
आधी ओकच्या काटक्या, मग ओंडके.
करसाउची पहिली चकती आत सरकते, क्षणभर मुकाट पडून राहते
आणि मग फुगते, बेडकाच्या गळ्यासारखी.
हवा लागते तिला पोटात. हवा नसेल
तर पापुद्रे सुटत नाहीत,
एका भाकरीच्या दोन होत नाहीत,
आणि डोंगरावर महिनाभर राहणारा मेंढपाळ
असली भाकरी झोळीत घेत नाही.

माझ्या कमरेच्या यंत्राचं नेमकं उलट.

न्यूओरोच्या इस्पितळात जांभळ्या नखांची नर्स
नळीवर टिचकी मारत म्हणाली होती,
बुडबुडा दिसला की थांबायचं.
बुडबुडा म्हणजे तेवढा वेळ इन्सुलिन नाही.
मला हसू आलं. का, ते तिला कळलं नाही.

त्रेचाळीस वर्षं सुया.
नवव्या वर्षी सुरू झाल्या. आई काचेची सिरिंज उकळायची,
एका शेगडीवर ती, दुसरीवर पावटा.
अजून पावटा शिजायला लागला की माझा दंड दुखतो.
पण सुई टोचली की टोचली.
ती ड्रॉवरमध्ये, मी अंगणात.
मधल्या वेळात मी कुणाचीच रोगी नव्हते.

आता हे पत्त्यांच्या कॅटाएवढं, चोवीस तास.
पहिल्या रात्री बाकीझिओनं विचारलं, हे कुठे झोपणार?
जणू घरी पाहुणा आलाय.
उशीखाली ठेवलं, तर नळी मानेला.
दोघांच्या मध्ये ठेवलं, तर तो भिंतीला चिकटून, श्वास धरून.
शेवटी परकराला आतून खिसा शिवला.
सकाळी हात लावला तर ते माझ्याइतकंच उबदार होतं.
मला ते आवडलं नाही.

चौथ्या दिवशी ड्रॉवरच्या मुठीत नळी अडकली.
मी पुढे गेले, पोट मागे राहिलं.
रक्ताचा एक थेंब, मसुरीएवढा, पण परातीत.
बावीस किलो पीठ कोंबड्यांना.
बोनारिया काही बोलली नाही;
ती रागावते ती अशीच.

त्यातून भट्टीच्या धगीनं इन्सुलिन नासतं, हे उशिरा कळलं,
दुपारी तीनशे चाळीसवर, जीभ चामड्याची झाल्यावर.
म्हणून आता भाजताना यंत्र काढून
बोळातल्या खिळ्याला टांगते, जिथे सासऱ्यांची टोपी असायची.
अर्ध्या-पाऊण तासानं जाते, जोडते, थोडं देते, परतते.
'गाय पिळायला निघालीस?' बोनारिया.

त्झिया मिनियाच्या मयताला तर कहरच झाला.
भर प्रार्थनेत ते किंचाळलं, बॅटरी संपली म्हणून.
पाद्री थांबला, सगळ्यांनी खिसे चाचपले,
पेटीतली एकटी सोडून सगळे दचकले.
बाकीझिओनं चेहरा असा केला
की ही बाई कोण, तो ओळखत नाही.

आज पहाटे दिव्याखाली नवी नळी भरत होते.
मधोमध एक बुडबुडा, मोहरीएवढा.
उभी धरली, टिचकी मारली.
तो वर चढेना, चढेना, मग चढला,
आणि तेवढ्यात आतून हाक आली, 'फुगली!'

फुगली की लगेच काढायची, गरम आहे तोवर
सुरीनं कडेनं चिरून पापुद्रे वेगळे करायचे.
भाकरी थांबत नाही.
'दोन मिनिटं,' मी म्हणाले.
एवढ्या वर्षांत भट्टीला असं कधी म्हटलं नव्हतं.

ती एका अंगानं करपली.
आम्हीच खाल्ली, मीठ आणि तेल लावून, उभ्यानं,
पिठाच्या हातांनी.
माझ्या तुकड्याचे अठरा ग्रॅम, मी यंत्राला सांगायला लागले.
'वीस सांग,' बोनारिया म्हणाली, 'तेल जास्त झालंय.'
तेलात साखर नसते, हे तिला किती वेळा सांगितलं असेल.
वीस सांगितले.
आणि करपलेल्या कडेचा आणखी एक तुकडा मोडला,
वीस होतील एवढा.