बॉर्डरलाइन

सव्वासहाला शटर अर्धं वर करते,
तेव्हा ती पायरीवर बसलेली असते आधीच.
उचगावहून पहिल्या बसनं आलेली,
पदराखाली फाइल, भाकरी झाकून आणावी तशी.

"बारा तास उपाशी आहेस ना?"
"बारा? काल दुपारपासनं की ओ.
रात्री सगळ्यांचं आटपूस्तवर माझं राहूनच गेलं."

रोहिणी उचगावकर, वय एकोणतीस.
आधीची चिठ्ठी कन्नडात, सही मराठीत,
रिपोर्ट निघणार इंग्रजीत.
शीर सापडत नाही. मूठ मिट, म्हणते मी.
ती बांगड्या कोपराकडं सारते आणि इतकी घट्ट मिटते
की मीच सांगते, अगं, पुरे.

"बाळंतपणात साखर लागली," भिंतीकडं बघत सांगते.
"पोर झालं की जाईल म्हणाले.
पोर अंगणवाडीला जाया लागलं.
साखर हाय घरीच."
मग जरा थांबून,
"जिना चढताना हितं जबड्यात ओढ लागतीया.
पित्त असंल."

सेंट्रिफ्यूजची घरघर थांबते.
नळीत वर यायला हवा गव्हाच्या काडीचा रंग.
हिचा गढूळ,
तांदळाच्या पहिल्या धुवणासारखा.
मी नळी खिडकीपाशी धरते, पुन्हा धरते.
इतकी काटकुळी बाई.
ही चरबी कुठल्या ताटातून आली,
ताटात तर शेवटी करपलेलं तेवढंच उरतं.

पाळी आहे तोवर बाईचं काळीज राखलेलं असतं,
असं आम्हाला वर्गात शिकवलं होतं.
साखर ती राखण उठवते,
हे त्याच पानावर, खाली, बारीक अक्षरात.

भिंतीवर औषध कंपनीचा तक्ता आहे.
पुढच्या दहा वर्षांत धोका किती टक्के.
वय चाळीसपासून सुरू,
वरच्या कोपऱ्यात छाती धरून वाकलेला एक टायवाला पुरुष.
बोट ठेवून बघितलं मी.
एकोणतीसला रकाना नाही.

अकराला कागद निघतो.
ट्रायग्लिसराइड तीनशे अठ्ठेचाळीस.
चांगलं म्हणतात ते, चौतीस.
वाईट म्हणतात ते, एकशे अठ्ठेचाळीस,
आणि त्यापुढं मशीननं आपणहून छापलेलं,
बॉर्डरलाइन.

ती तो एक शब्द वाचते आणि हसते.
"बॉर्डरवरच की आमी. जलमल्यापासनं."
मीही हसते. इथं कोण हसणार नाही?
कागदावर मत द्यायचं नाही, हा आमचा नियम.
सुई आमची, बोलणं डॉक्टरांचं.

ती पायऱ्या उतरते, फोन कानाला.
"काही न्हाई ओ, बॉर्डरलाइनच हाय.
व्हय, येताना दळण घेऊन येते."

छापलेली रेघ साखर नसलेल्यांची आहे.
ते मशीनला कुणी सांगितलेलं नाही.

बाकावर दोघी बाह्या सारून बसल्यात,
तरी मी हातमोज्यांसकट खाली धावते.
कोपऱ्यावर बस लागलेली, कंडक्टर ओरडतोय,
तिचा एक पाय वर.

"रोहिणी, अगं थांब,
तुझी रेघ वेगळी आहे,
तुझी शंभरला,
ती तू कधीच—"

ती वळून बघते.
बस सुरूच असते.