दिमिनूत

शब्द आला तो तक्रारीतून.
वालेन्सियाच्या खरेदीदाराचं दोन ओळींचं पत्र:
नमुना मिळाला, रंग ठीक,
पण दाणे दिमिनूतास.

तासगावच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात
मी एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसलेली.
फोनवर अर्थ शोधला.
अगदी लहान. लहानाहून लहान.

प्रतवारीच्या जाळीतून जे खाली गळतं
त्याला जनाक्का लेकरं म्हणते.
"लेकरं सांडली बघ," म्हणते,
आणि ओंजळीनं गोळा करते.
तिला नवा शब्द सांगितला.
"फवारणीचं औषध वाटतंय," म्हणाली,
"कितीला लिटर?"

रात्री वहीत नियम उतरवून घेतला.
पुल्लिंगी असेल तर शेवटी ओ,
स्त्रीलिंगी असेल तर आ.
आपला बेदाणा तो,
त्यांच्याकडं पोचला की ती.
कंटेनरच्या अंधारात कधीतरी
बदलत असणार, कुणी न बघता.

मग पान उलटून नपुंसकलिंग शोधलं.
नव्हतं.
इवलासा, इवलीशी, इथवर त्यांचं भागतं.
इवलंसं कुठं ठेवतात ती माणसं?
पाखरू, रोपटं, करडू,
शेडच्या दाराशी आलेलं मांजराचं पिल्लू
ज्याची शेपटी उचलून
अजून कुणी बघितलेलं नाही?

गुरुवारी सांगलीला गेले. एकटीच.
निवासला म्हटलं, बँकेत काम आहे.
भिंतीवरचा फलक ठळक अक्षरांत सांगत होता
इथं काय सांगितलं जात नाही ते.
पोटावर थंडगार जेल. पुन्हा कोल्ड स्टोरेज.
डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडं वळवला:
"हे बघा. बेदाण्याएवढं आहे."
मला हसू फुटलं. त्यांना वाटलं, रडते.
"ठोके अजून नीट सापडत नाहीयेत.
दोन आठवड्यांनी या. मग बोलू."

हे, म्हणाल्या.
आहे, म्हणाल्या.

एसटी कवलापूर सोडून पुढं आली तरी
तेवढंच धरून बसले होते.
मांडवात जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं,
हिरवी, अजून पाण्यानं भरलेली,
त्यांना वाळायला पंधरा दिवस.
मलाही तेवढेच.

घरी सांगितलं की लगेच तो सुरू होईल.
तो आला की, तो झाला की.
वहीतल्या भाषेत ओ किंवा आ,
तिसरं दारच नाही.
आईच्या भाषेत निदान दोन आठवडे
त्याला ते राहता येतं.
आणि नाहीच राहिलं
तर रडताना सुद्धा
ते.

वालेन्सियाला कळवलं:
पुढच्या लॉटला जाळी बदलतो.
मग तोच शब्द, सरावाला म्हणून,
वहीत पुन्हा लिहायला घेतला.
दिमिनूत
इथवर आले आणि पेन उचललं.

टोपण मात्र लावलं नाही.