आब

एस्पान्योलात वसंत म्हणजे वारा.
धूळ फटीतून आत येते, बिनबोलावलेली,
म्हणून एल्युतेरिओ आर्चुलेटा आधी जमीन भिजवतो
आणि मगच गाडीकडे वळतो.

अठ्ठ्याहत्तरची माँटे कार्लो. काळी.
इतकी काळी की बॉनेटवर वाकलं
तर खालून आपणच आपल्याला विचारतो, काय हवंय?

गाडी ओफेलिया ताफोयाची. शाळेची बस चालवते ती,
तीस वर्षं पिवळ्या रंगात बसून काढली.
म्हणाली, "पट्टे हवेत, पण दिसायला नकोत.
चर्चसमोर उभी असेल तेव्हा फादरना नुसती काळी गाडी दिसावी.
संध्याकाळी पुलावर ऊन तिरपं झालं
की मात्र मागच्याने ब्रेक दाबावा."
आणि कॉफीच्या डब्यातून आगाऊ रक्कम मोजली,
सुट्ट्या नाण्यांसकट.

टेप मी लावते. तीन मिलिमीटरची, निळी.
मधल्या कण्यापासून दोन बोटं सोडून
काचेपर्यंत एका श्वासात ओढायची.
मध्ये शिंक आली तर
पुढे जन्मभर ती शिंकच दिसते.

मोत्याची पूड पिठीसाखरेसारखी,
नखात गेली की आठवडाभर निघत नाही.
लिटरभर लॅकरला चहाचा एक चमचा, तोही सपाट.
"दोन घातलेस, जोलीन,
तर बॉनेटवर मारियाची उभे राहतील ट्रम्पेट घेऊन.
मोत्याने आब राखून असावं."

प्लास्टिकच्या पडद्याआड
तो गन फिरवतो, मनगट न वाकवता.
एक. थांब. दोन. थांब.
काळ्यावर काळंच. काही घडत नाही.
"आलं का?" तो विचारतो.
मला वाटलं, परीक्षा घेतोय.
"आलं का?"
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा
मी बॅटरी गाडीवरून काढून त्याच्याकडे पाहिलं.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, पिकलेला,
डाव्यात दुसरा तयार होतोय.
भिंतीवर कॅलेंडरला टोचलेल्या
सान्ता फेच्या डॉक्टरच्या तीन चिठ्ठ्या,
तिन्ही तारखा उलटलेल्या.
मी त्यांना बिलं समजत होते.

"अजून एक हात," मी म्हणाले,
कशाच्या जोरावर, माहीत नाही.
त्याने दिला. एकच.

मग टेप सोललेली, वर क्लिअरचे चार थर,
दोन हजारचा पॉलिशपेपर, पाणी, पाणी,
बोटांची सालं जाईपर्यंत पाणी.

शनिवारी ओफेलिया आली.
अंगणातल्या एल्मच्या सावलीत
गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.
"कुठेयत?"
तो बोलला नाही. हँडब्रेक सोडला,
मी मागून ढकललं,
चाकं दीड हात पुढे आली, उन्हात.

झोपलेल्याच्या पापणीखाली काहीतरी हलतं ना,
तसं बॉनेटखालून वर आलं ते.
ओफेलिया डावीकडे सरली: गेलं.
उजवीकडे: आलं.
पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे,
बासष्ट वर्षांची बाई पर्स छातीशी धरून
ठिक्कर खेळल्यासारखी.

आणि तो समाधानाने मान हलवत होता
पुढच्या मडगार्डकडे बघून,
जिथे आम्ही एकही पट्टा मारला नव्हता.

मी त्याचा हात धरून नेला, ठेवला
बरोबर पट्ट्याच्या कडेवर.
अंगठा आडवा फिरवला त्याने, मग उलटा,
मग तर्जनी, अगदी हळू.
"हाताला काहीच लागत नाही," म्हणाला.
आणि हसला, दोन दात नसलेलं हसू.
"मग झालंय नीट."

डिकीच्या कोपऱ्यात क्लिअरखाली
एका पाखराचा पाय अडकलाय.
हे मी दोघांनाही सांगितलेलं नाही.

बुधवारी साडेनऊ, चौथी चिठ्ठी.
"मी घेऊन जाते," मी म्हणाले.
तो गन उघडून सुई पुसत होता.
"वारा थांबू दे," म्हणाला.