माप

ऐक, सुकेशनी, आधी दार लोटून घे.
गिऱ्हाईक आलं तर म्हणीन, ट्रायल चालू आहे.
डॉक्टरीणबाईंनी चार पानं दिलीत तुला,
तरी मलाच विचारून राहिलीस, काय काय होते म्हणून.

आधी तांदूळ.
रामदासपेठेत जायच्या आधीच मी घरी केलं होतं,
पातळ पिशव्यांत चिन्नोर भरला, गाठी मारल्या,
आत ठेवून दोन दिवस त्या वजनानं शिलाई केली.
तिसऱ्या दिवशी भात लावला.
कोणाला सांगू नको.

वीस वर्षं झाली जरीपटक्यात मापं घेते.
डावी-उजवी अगदी सारखी असलेली बाई
मला अजून भेटायची आहे.
कितीकींना कप शिवून दिले,
एकात स्पंज जास्त, एकात कमी,
आणि बिलावर लिहिलं फक्त ‘अस्तर’.
माझ्या ब्लाउजला दोन्हीकडे.
सोळाव्या वर्षापासून.

मे महिन्यात करू नको, बाप्पा.
तो पट्टा सहा आठवडे, रात्रंदिवस,
आणि आपल्या नागपुरात त्या दिवसांत
कूलरसुद्धा गरम श्वास टाकतो.

उपाशीपोटी जायचं. पाण्याचा घोटही नाही.
उभं करून छातीवर पेनानं रेघा मारतील,
गार, जांभळ्या.
मला हसू आलं, खडूनं मी हेच करते.
मॅडम म्हणाल्या, हलू नका.
मीपण हेच म्हणते.
मग आकडे मोजायला लावले.
मी चारपर्यंत पोचले.

जाग आल्यावर वाटेल, कोणी पाटा ठेवलाय,
वरवंट्यासकट.
कापल्यासारखं नाही दुखत गं,
दोन इंच कमी पडलेल्या ब्लाउजचे हुक
कोणी जबरदस्तीनं लावलेत, तसं,
आणि ते काढता येत नाहीत.

हात वर होणार नाहीत.
दोरीवर कपडे नाही, फळीवरचा डबा नाही,
वेणी पोरीनं घातली, तिरपी.
घरी येताना ऑटोवाल्याला सांग, हळू.
सदर ते जरीपटका, एकएक खड्डा
मला अजून पाठ आहे.
उताणं झोपायचं, तीन उशा लावून.
माझा नवरा फार बोलत नाही,
त्यानं चौथी आणून ठेवली.

सुरुवातीला वर चढलेले दिसतील, चकचकीत, परके,
दुसरीचं पार्सल चुकून आपल्याकडे आल्यासारखे.
घाबरू नको.
कोरं कापडही आधी पाण्यातून काढावं लागते.
तीन महिने, कधी सहा, मग बसतात जागेवर.

आणि बधिरपणा.
उजवीकडे आहे अजून.
बोट लावलं की कळते, पण दुरून,
शेजारच्या घरात कोणी भांडं ठेवल्यासारखं.
हे पानावर लिहिलेलं होतं.
मी वाचून सही केली होती.

कायमची शिलाई नाही ही.
दहा वर्षं, पंधरा, कधी त्याआधीच
आत कडक होते, कधी फाटते,
पुन्हा उसवावं लागते.
मशीनच्या ड्रॉवरमध्ये एक डबी आहे माझी,
बॉबिनच्या मागे. महिन्याला पाचशे.

आईला सांगितलं नाही.
संक्रांतीला वाणाचं ताट पुढे करताना म्हणाली,
‘तब्येत सुधारली गं तुझी.’
इतकंच. आणि तीळगूळ दोनदा दिला.

पस्तावले का? नाही.
पण अमरावतीच्या लग्नात, मेंदीच्या रात्री,
मामेबहिणीनं एक शब्द म्हटला होता, सगळ्या हसल्या होत्या.
पट्टा सुटला त्या दिवशी
मी आरशासमोर उभी राहिले
आणि पहिला तोच आठवला.
तो काढायचं ऑपरेशन
त्या बाई करत नाहीत.

चल, हात बाजूला घे.
श्वास रोखू नको, सगळ्या रोखतात.
आजचं माप वहीत लिहून ठेवते, तारखेसकट.
नंतर तुला वाटेल, आधी काही नव्हतंच.
होतं.
हे बघ. एकतीस, आणि वर एक सूत.