लेखाशीर्ष : फुटबॉल

जालना नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात
पथदिवे आणि मोकाट कुत्री यांच्या मधोमध
एक ओळ असायची :
फुटबॉल संघ, बाराशे रुपये.

गोलकीपर दस्तगीर, नळ सोडणारा.
मॅच लांबली की कादराबादला पाणी उशिरा
आणि बाया घागरी घेऊन थेट मैदानावर.
बॅकला जकात नाक्यावरचा आसाराम खरात,
ट्रक काय, माणूस काय,
पावती फाडल्याशिवाय सोडायचा नाही.

एकदा औरंगाबादला फायनल जिंकलो.
कचऱ्याच्या ट्रॅक्टरमधून मिरवणूक.
ट्रॉली धुतली होती, तरी वास होताच.
तसला वास आला की
मला अजून जिंकल्यासारखं वाटतं.

मग जकात बंद झाली.
ऑडिटरनं तांबड्या शाईत विचारलं :
या खर्चातून शहराला काय मिळालं?
उत्तर माझ्या टेबलाला होतं.
सहा महिने फाईल उशाशी.
शेवटी लिहिलं, निरंक.

ढाल आहे अजून, रेकॉर्ड रूममध्ये,
मृत्यूच्या रजिस्टरावर ठेवलेली,
पंख्यानं सुटी पानं उडू नयेत म्हणून.

काल दस्तगीरचा दाखला काढायला त्याचं पोरगं आलं.
ढाल उचलली तशी पानं भरारली,
आणि ते दोन्ही हातांनी
त्यांच्यावर झेपावलं.