मांडीवरच्या पिशव्या

सात चाळीसची बस आठ दहाला येते.
हे सगळ्यांना ठाऊक आहे,
तरी सगळे सात पस्तीसलाच फाट्यावर.
मधला अर्धा तास कोणाच्याच वेळापत्रकात नाही.
त्यात पुस्तकला हटवार
माझ्या डब्यातली भाजी वासावरून सांगते,
कौतिकाबाई तंबाखू मळते,
आणि डोमाजी गुरुजी, रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी
रोज पवनीला कशाला जातात
हे त्यांना कोणी विचारत नाही.

मी साताऱ्याकडची. इथल्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासते.
पहिल्या वर्षी ही माणसं मला आकड्यांनी माहीत होती.
आठ पूर्णांक दोन. सात पूर्णांक नऊ.
नावं नंतर आली, बसमध्ये,
एकेका थांब्याला एकेक.

पुस्तकलाने तेव्हा तर्जनी दिली नव्हती.
'हे नोको, मॅडम. हे कामाचं बोट हाय.
टोचलं का मिरची झोंबते दिवसभर.'
आणि करंगळी पुढे केली,
घरातलं सगळ्यात रिकामं पोर
दुकानात पाठवावं तशी.

बस आली की दाराशी रेटारेटी, शिव्या,
कोणाचा तरी दुपट्टा खिडकीतून आधीच सीटवर.
पण गाडी एकदा हलली
की उभ्या माणसाची पिशवी बसलेल्याच्या मांडीवर जाते.
मागावं लागत नाही. हात येतो, पिशवी जाते.
हटवारची मेश्रामच्या मांडीवर,
मेश्रामचा डबा पाटलाच्या सुनेच्या मांडीवर,
तोही उघड्या झाकणाचा, रस्सा सांभाळत.
खाली उतरल्यावर कोणी कोणाच्या घरचं पाणी प्यायचं
हे अजून ठरलेलं असतं.
मलाही पहिल्याच आठवड्यात
आडनावाच्या पलीकडचं विचारलं होतं, हळू आवाजात.
बावीस किलोमीटर फार नसतात.

संध्याकाळी मिरचीच्या सातऱ्यावरून बाया चढतात.
दिवसभर देठ खुडलेले हात,
लुगड्यात, केसांत, नखांत तिखट.
पहिली शिंक कंडक्टरला,
मग त्याच्यामागच्या सीटला,
तिकीट फाडत यावं तशी ती मागे मागे येते.
मी आधी नाकावर ओढणी गच्च बांधायचे.
'लपता कायले, मॅडम? शिंकून घ्या न.'
आता माझी शिंक त्यांना पाठ आहे.
मला नेहमी दोन येतात.
एकच आली तर मागून कोणी तरी म्हणतं,
'एक राह्यली.'
आणि गाडी थांबल्यासारखी सगळी वाट बघतात.

सोमवारी मी विनंती बदलीचा अर्ज भरला.
'कारण' या रकान्यात लिहिलं: आई एकटी असते.
ते खरं आहे.
परतताना उभी होते. पिशवी पुस्तकलाकडे होती,
अर्जाचा कोपरा बाहेर डोकावत होता,
तो तिने बोटाने आत सारला.
घरी येऊन पाहिलं तर
'सध्याचे ठिकाण' याच्या शेजारी
एक लाल ठसा, तर्जनीचा.
पुस्तकला चौथी शिकलीय. वाचता येतं तिला.
तिने वाचलं की नुसतं सारलं, मी विचारलं नाही.
तिनेही मंगळवारी भाजीच ओळखली: 'चवळी.'
चवळीच होती.

कोरा अर्ज ऑफिसात मिळतो, दोन रुपयांना.
मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

आज मला बसायला मिळालं. ती उभी.
मी हात पुढे केला.
पिशवी जड, खालून कोमट,
आणि नाल्याच्या वळणावर आत काहीतरी
एकदा हललं.
कोंबडी असेल. नसेलही.
मी बंद दोन्ही हातांनी धरले
आणि खिडकीबाहेर बघत राहिले
तिचा थांबा येईपर्यंत.