तालीम, गुरुवारची

रोझिलेनी म्हणाली, ये. फक्त चांगले बूट घालू नकोस.
बसमधून उतरलो तिथे टायरचं दुकान,
त्याच्या मागे पत्र्याचं छप्पर,
भिंत अर्धी हिरवी. उरलेली अर्धी
पैसे आले की.
दारातल्या म्हाताऱ्याने सगळ्यांची तिकिटं फाडली,
माझं मात्र घडी घालून माझ्याच हातात दिलं
आणि काहीतरी बोलला.
रोझिलेनी हसली. अर्थ सांगितला नाही.

आत घाम, बिअर, काळ्या घेवड्याच्या पातेल्याची वाफ.
कार्निव्हलला अजून अकरा आठवडे,
म्हणजे पिसं नाहीत, टिकल्या नाहीत.
बँकेतला शिपाई चपलांवर,
नर्स ड्युटीच्या पांढऱ्या पँटमध्ये,
एक जण हेल्मेट काखेत धरूनच नाचतोय,
खाली ठेवलं की जातं म्हणे.
गुडघ्याला पट्टा बांधलेल्या दोना झुल्मिरा
घेरदार परकराच्या नुसत्या सांगाड्यात
गोल फिरतात, थांबतात,
पंख्याखाली उभ्या राहून कुणाला तरी शिव्या देतात,
पुन्हा फिरतात.
आणि जांदिरा झेंडा घेऊन.
तो काठीला गुंडाळला जाता कामा नये,
एवढाच तिचा नियम. पण हात बघावेत तिचे.
तिचा जोडीदार तिच्याभोवती भिरभिरतो,
झेंड्याला पाठ न दाखवता, आणि मध्येच
बाहीला नाक पुसतो.

वाद्यांची रांग ओलांडताना वाल्देसिरने थांबवलं.
कमरेएवढा ढोल त्याचा. नाव सुर्दू.
सुर्दू म्हणजे काय? त्याने कानावर हात ठेवला:
बहिरा.
पहिला बहिरा विचारतो,
दुसरा बहिरा उत्तर देतो,
तिसरा उगाच दोघांच्या मधे तोंड घालतो.
सगळी मजा त्या तिसऱ्याची, वाल्देसिर म्हणाला.
तो स्वतः पहिला होता. जरा नाराज वाटला.

मग ते सुरू झालं, आणि मी ऐकलं असं म्हणता येणार नाही.
बरगड्यांच्या आत कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.
नऊ वर्षांच्या काउआनीने माझ्या पायांकडे पाहिलं,
आजारी माणसाकडे पाहावं तसं,
आणि दाखवलं: असं, असं, आणि असं.
माझा उजवा पाय कारकून निघाला,
डावा रजेवर.
मग मी टाळ्यांवर आले. टाळ्या कुणालाही येतात.

तेवढ्यात उस्तादाने मूठ वर केली
आणि दीडशे वाद्यं
एकदम
नाहीत.
लोक गातच होते, पण ढोलांच्या जागी खड्डा,
त्या खड्ड्यात माझी एकटीची टाळी.

उस्ताद वळला.
सव्वापाच फूट, शिट्टी गळ्यात, दिवसा बस चालवतो.
त्याने माझ्याकडे बोट केलं, मग ते बोट
डावी-उजवीकडे हलवलं, रागाने नव्हे,
चूक मार्गाच्या बसला हात करणाऱ्याला सांगावं तसं.
सगळी छोट्या डफांची रांग दात काढून हसली.
मी हात पाठीमागे नेले.

पुन्हा तेच गाणं. सहाव्यांदा, सातव्यांदा.
शब्द मला अजूनही माहीत नाहीत,
त्यात कुठलीशी नदी होती, आणि कुणाची तरी आई.
आठव्यांदा मूठ वर गेली.
ती रांग वाद्यांकडे नाही, माझ्याकडे बघत होती.
काउआनीने श्वास धरलेला.
माझे तळवे एकमेकांपासून वीतभर लांब,
खाजत होते, खरंच खाजत होते.
मी थांबले.
मूठ खाली आली, आणि छप्पर
पुन्हा आमच्यावर कोसळलं.
कुणी शाबासकी दिली नाही. काउआनी
लिंबाचं सरबत आणायला निघूनही गेली होती.

शुक्रवारी प्रयोगशाळेत
पाण्याचे नमुने. नळीतून थेंब सोडायचा,
रंग बदलतो का पाहायचं, मग पुढचा.
एक थेंब. वाट.
एक थेंब. वाट.
हात जागच्या जागी धरून मी रंगाकडे बघत होते,
आणि पलीकडच्या टेबलावर रोझिलेनी,
मान खाली, वहीत आकडे लिहिता लिहिता,
टाचेने
त्या दोन थेंबांच्या मधे तोंड घालत होती.